काटकोन : शब्दाचा अर्थ आणि उगम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

काटकोन म्हणजे नेमके काय? ९० अंशांचा कोन एवढे म्हटले की पुरत नाही का?

व्यवहाराला पुरते, पण अर्थ समजायला पुरत नाही. ९० हा आकडा नंतर आला. कल्पना त्याच्या कितीतरी आधीची आहे. प्राचीन ग्रीक भूमितीकार युक्लिड याने कोन अंशांत मोजलेलाच नाही. त्याची व्याख्या अशी आहे : एका सरळ रेषेवर दुसरी सरळ रेषा उभी राहिली आणि तिच्या दोन्ही बाजूंना होणारे कोन एकमेकांएवढे झाले, तर त्यांतला प्रत्येक कोन काटकोन होय. म्हणजे काटकोन ठरतो तो समान वाटणीमुळे, मापामुळे नव्हे.

हे हाताने पाहायचे असेल तर वर्तमानपत्राचा कसाही फाटलेला तुकडा घ्यावा. कडा वेड्यावाकड्या असल्या तरी चालतील. तो एकदा दुमडून घडी नखाने नीट दाबली की एक सरळ कड मिळते. आता ही सरळ कड स्वतःवरच तंतोतंत बसेल अशा रीतीने कागद पुन्हा दुमडावा. घडीचा जो कोपरा हातात येतो तो काटकोन असतो, आणि तो पुस्तकाच्या कोपऱ्याला लावून पाहिला तर फट राहत नाही. कागद उलगडला की मध्यभागी एकमेकींना छेदणाऱ्या दोन घड्या आणि चार सारखे कोन दिसतात. मोजपट्टी, कोनमापक यांपैकी काहीही लागत नाही. मुलांना काटकोन शिकवताना कोनमापकाच्या आधी हा कागद द्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण पुढे ज्या ‘काट’ या शब्दाविषयी लिहिले आहे ती काट या दोन घड्यांत डोळ्यांना दिसते.

‘काटकोन’ या शब्दाची फोड कशी करायची? यातले ‘काट’ म्हणजे काय?

फोड सरळ आहे : काट अधिक कोन. ‘कोन’ हा संस्कृत ‘कोण’ या शब्दावरून आलेला. प्रश्न आहे तो ‘काट’चा.

‘काट’ हे ‘काटणे’ या क्रियापदाच्या घरातले नाम आहे. मूळ संस्कृत धातू ‘कृत्’, म्हणजे कापणे. प्राकृतात त्याचे ‘कट्टइ’ असे रूप झाले, हिंदीत ‘काटना’ झाले आणि मराठीत ‘काटणे’. आज आपण सुरीने भाजी ‘कापतो’, ‘काटत’ नाही, त्यामुळे हे क्रियापद मराठीत मागे पडल्यासारखे वाटते. पण जोडशब्दांत ते ठणठणीत आहे. काटछाट, काटकसर, यादीतल्या नावावर काट मारणे हे शब्द आपण रोज वापरतो. याच धातूवरून ‘कर्तरी’ आणि त्यावरून आपली ‘कात्री’ आली.

मात्र नुसत्या ‘कापणे’ या अर्थाने काटकोनाचा उलगडा होत नाही, कारण कोणत्याही कोनात दोन रेषा एकमेकींना कापू शकतात. इथे ‘काट’चा दुसरा, अधिक नेमका अर्थ ध्यानात घ्यावा लागतो, तो म्हणजे ‘आडवे छेदून जाणे’. या अर्थाचा सर्वांत बोलका साक्षीदार ‘काटछेद’ हा शब्द आहे (काही पुस्तकांत तो ‘काटच्छेद’ असाही लिहितात). वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगवहीत खोडाचा काटछेद काढतात, स्थापत्यशास्त्रात तुळईच्या काटछेदाचे क्षेत्रफळ मोजतात. हा छेद तिरका घेऊन चालत नाही. वस्तूच्या लांबीला अगदी आडवा, म्हणजेच काटकोनातच घ्यावा लागतो. भेंडी गोल गोल चिरली तर चकतीवर दिसतो तो काटछेद. तीच भेंडी तिरकी चिरली तर चकती लांबट निघते आणि तिला कोणी काटछेद म्हणणार नाही. शिंप्यांच्या भाषेतही कापडाच्या धाग्यांना तिरक्या जाणाऱ्या कापाला ‘उरेब’ हा वेगळा शब्द आहे, आणि तो ज्याच्यापासून वेगळा पडतो तो म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची सरळ काट.

बुद्धिबळातला ‘काटशह’ही या संदर्भात आठवण्यासारखा आहे. प्रतिपक्षाने शह दिल्यावर तो मोडताना उलट आपणच शह द्यायचा, म्हणजे त्याच्या चालीला आडवे जायचे.

तेव्हा काटकोन म्हणजे ‘आडव्या काटेने होणारा कोन’. एक रेषा दुसरीला जराही कलते न घेता थेट आडवी छेदून जाते, तेव्हा जो कोन होतो तो. शब्दाच्या घडणीला आणि अर्थाला दोन्हींना लागू पडणारे हेच स्पष्टीकरण मला योग्य वाटते.

घड्याळाच्या काट्यांवरून ‘काटकोन’ आला, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

नाही. शाळेत काटकोन शिकवताना तीन वाजल्याचे आणि नऊ वाजल्याचे घड्याळ दाखवतात, त्यामुळे हा समज होत असावा. रूपाच्या दृष्टीने ‘काटा’चे समासात ‘काट’ होऊ शकते. ‘काटेसावर’ या झाडाला ‘काटसावर’ असेही म्हणतात. पण अर्थ जुळत नाही. घड्याळाचे काटे दिवसभर हरतऱ्हेचे कोन करत फिरतात. मिनिटकाटा आणि तासकाटा यांच्यात अचूक काटकोन चोवीस तासांत ४४ वेळा होतो, आणि त्यांतले तासाच्या ठोक्यावर होणारे फक्त चार असतात. ज्या काट्यांत सगळेच कोन होतात, त्यांच्यावरून एकाच कोनाला नाव पडण्याचे कारण नाही.

‘काटेकोर’ हा शब्द मात्र खरोखरच काट्याचा आहे, तराजूच्या काट्याचा. उच्चार जवळचा असल्यामुळे ‘काटेकोर’ आणि ‘काटकोन’ यांची गाठ घातली जाते. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

हिंदीत ‘समकोण’ म्हणतात, मग मराठीत वेगळा शब्द का?

‘समकोण’ हा संस्कृत पारिभाषिक शब्द आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरचे सवाई जयसिंह यांच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडची भूमिती अरबी भाषांतरावरून संस्कृतात आणली. त्या ग्रंथाचे नाव ‘रेखागणित’. त्यात काटकोनाला समकोण, त्याहून लहान कोनाला न्यूनकोण आणि मोठ्याला अधिककोण अशी नावे आहेत. वर सांगितलेली युक्लिडची व्याख्या डोळ्यांसमोर ठेवली तर ‘सम’ किती योग्य आहे ते कळते : लंबाच्या दोन्ही बाजूंचे कोन सम, म्हणून समकोण. हिंदी आणि बंगालीने हा शब्द घेतला.

मराठीने तो घेतला नाही. आपल्याकडे लघुकोन, काटकोन, विशालकोन, सरळकोन, प्रविशालकोन अशी मालिका रूढ झाली, आणि तिच्यात चार संस्कृत वळणाच्या शब्दांमध्ये ‘काटकोन’ हा एकटा देशी शब्द बसला आहे. गुजरातीतही काटकोनाला ‘काटकोण’ आणि बोलण्यात ‘काटखूणो’ म्हणतात. ‘खूणो’ म्हणजे कोपरा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत इंग्रज अधिकारी जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणिताची पाठ्यपुस्तके मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत तयार झाली, हेही या साम्याचा विचार करताना लक्षात ठेवावे. तरीही ‘काटखूणो’ हे रूप पुस्तकी वाटत नाही. ते सुताराच्या तोंडचे वाटते. दोन्ही भाषांच्या कारागिरांत ‘काट’ हा शब्द आधीपासून असावा, असा माझा कल आहे.

दक्षिणेकडे गेले की पुन्हा नावे बदलतात. कन्नडमध्ये ‘लंबकोन’, तेलुगूत ‘लंबकोणम’, तमिळमध्ये ‘सेंगोणम’ म्हणजे सरळ, नीट असा कोन. मल्याळममध्ये ‘मट्टकोण’ म्हणतात, आणि तिथे ‘मट्टम’ हे गवंड्या-सुतारांच्या गुण्याचे, म्हणजे काटकोनी पट्टीचे, नाव आहे. एकाच कोनाकडे पाहताना कोणाला दोन्हीकडची समानता दिसली, कोणाला वरून सोडलेली, लोंबणारी दोरी (लंब), कोणाला हातातले हत्यार. मराठीला आणि गुजरातीला दिसली ती आडवी काट.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त काटकोनाला कोणता शब्द आहे?

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण त्याचे उत्तर अनपेक्षित आहे. ११५० साली रचलेल्या लीलावतीत काटकोन त्रिकोणाचे गणित विपुल आहे, पण तिथे भर कोनाच्या नावावर नाही. जुन्या भारतीय गणिताने कोनापेक्षा बाजूंना नावे दिली. भास्कराचार्यांचा श्लोक असा आहे :

‘इष्टो बाहुर्यः स्यात्तत्स्पर्धिन्यां दिशीतरो बाहुः ।
त्र्यस्रे चतुरस्रे वा सा कोटिः कीर्तिता तज्ज्ञैः ॥’

त्रिकोणाची किंवा चौकोनाची कोणतीही एक बाजू भुजा म्हणून घ्यावी. तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या दिशेला जी दुसरी बाजू असेल तिला जाणकार कोटी म्हणतात, असा याचा अर्थ. ‘स्पर्धा करणारी दिशा’ हे काटकोनाचे वर्णन मला विलक्षण वाटते. भुजा पूर्वेकडे धावत असेल तर कोटी उत्तरेकडे धावते. एकीच्या धावण्याचा कणभरही दुसरीच्या वाट्याला जात नाही. भुजा आणि कोटी यांची टोके जोडणारी बाजू म्हणजे कर्ण, आणि अशा त्रिकोणाला ‘जात्य’ म्हणत, म्हणजे कुलीन, अस्सल जातीचा त्रिकोण. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. तेव्हा हे शब्द आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर आठशे वर्षांपूर्वी पाठ केले जात होते.

त्यांतला ‘कर्ण’ आपण जसाच्या तसा ठेवला. ‘कोटी’ मात्र लपून बसली आहे. ज्या दोन कोनांच्या मापांची बेरीज ९० अंश होते त्यांना पाठ्यपुस्तकात ‘कोटिकोन’ म्हणतात, आणि मुले या शब्दाचा संबंध शंभर लाखांशी लावून गोंधळतात. कोटी म्हणजे मुळात धनुष्याचे टोक. रामेश्वरजवळच्या धनुष्कोडीच्या नावात तीच कोटी आहे.

याहून सुंदर उदाहरण ‘त्रिज्या’ या शब्दाचे आहे. वर्तुळाच्या केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराला ‘त्रि’ कशासाठी? पूर्ण वर्तुळाच्या १२ राशी, प्रत्येक राशीचे ३० अंश. तीन राशी म्हणजे ९० अंश. कंस दुप्पट करून त्याची टोके जोडली की जी रेषा मिळते, तिच्या निम्म्या लांबीला जुन्या गणितात ‘ज्या’ म्हणत. तीन राशींची ‘ज्या’ ही वर्तुळाच्या या अंतराएवढीच असते, म्हणून ती त्रिज्या. सहावीतला मुलगा वर्तुळाची त्रिज्या काढतो तेव्हा त्या शब्दात एक काटकोन दडलेला असतो.

‘लंब’ आणि ‘काटकोन’ हे एकच आहेत का?

नाही. लंब ही रेषा आहे, काटकोन हा कोन आहे. लंब टाकला की काटकोन होतो. शब्दांचे मूळही वेगळे आहे. ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणे. दोरीला वजन बांधून सोडले की दोरी जशी लोंबते ती दिशा म्हणजे लंब. गवंड्याचा ‘ओळंबा’ हा ‘अवलंब’ या शब्दाचाच घासून गुळगुळीत झालेला अवतार आहे. प्रकाशाच्या परावर्तनाच्या आकृतीत आरशावर जो लंब काढतात त्याला आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत ‘स्तंभिका’ म्हणतात. तिथे कल्पना लोंबण्याची नसून खांबासारखे उभे राहण्याची आहे.

‘गुण्या’ हा शब्द कुठून आला? त्याचा काटकोनाशी काय संबंध?

कंपासपेटीत दोन त्रिकोणी पट्ट्या असतात त्यांना गुण्ये म्हणतात, आणि सुतार-गवंड्यांच्या हातात लोखंडी काटकोनी पट्टी असते तिलाही गुण्याच म्हणतात. बांधकामावर ‘काटकोन’ हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तिथे म्हणतात, ‘खोली गुण्यात आहे’ किंवा ‘हा कोपरा गुण्यात नाही’.

हा शब्द ‘गुण’ किंवा ‘गुणाकार’ यांच्यापासून आलेला नाही. फारसीत सुताराच्या काटकोनी पट्टीला ‘गूनिया’ म्हणतात, आणि फारसीने तो शब्द ग्रीक ‘गोनिया’वरून घेतला, ज्याचा अर्थच कोन असा आहे. हिंदी पट्ट्यातले मिस्त्री आजही ‘गुनिया’ म्हणतात. जो शब्द ग्रीक भूमितीत होता तोच आपल्याकडच्या बांधकामावर विटांच्या ढिगाशेजारी पडलेला असतो, आणि तो वापरणाऱ्याला त्याच्या प्रवासाची कल्पना असण्याची गरजही नसते.

मोठ्या जागेत हातातला गुण्या पुरत नाही, कारण एका फुटावर न दिसणारी चूक पुढे वाढत जाते. एका अंशाची चूक तीस फुटांच्या भिंतीच्या टोकाशी सुमारे सहा इंच होते. म्हणून पायाची आखणी करताना मिस्त्री ‘तीन-चार-पाच’ करतात. कोपऱ्यावर खुंटी ठोकायची, पहिल्या भिंतीची दोरी ताणून तिच्यावर तीन फुटांवर खूण करायची, दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर खूण करायची, आणि दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर पाच फूट भरेपर्यंत दुसरी दोरी डावी-उजवी सरकवायची. पाच भरले की कोपरा गुण्यात आला; मग फक्की टाकायची. जागा मोठी असेल तर सहा-आठ-दहा किंवा नऊ-बारा-पंधरा घेतात, म्हणजे चूक आणखी कमी होते.

आमच्या घराच्या एका खोलीत हे नीट झाले नव्हते. भिंती बांधताना कोणाच्या लक्षात आले नाही, रंग दिल्यावरही दिसले नाही. फरशी बसवायला आलेल्या मिस्त्रींनी दारात उभे राहून पहिली ओळ लावली आणि म्हणाले, ‘खोली गुण्यात नाही, शेवटची ओळ पाचरीसारखी कापावी लागेल.’ तशी ती कापावी लागली. एका टोकाला जवळपास पूर्ण फरशी आणि दुसऱ्या टोकाला चार बोटांची पट्टी, अशी ती ओळ आजही पलंगाखाली आहे.

दोरीने काटकोन साधण्याची ही रीत फार प्राचीन आहे. शुल्बसूत्रांत, म्हणजे दोरीने मोजणी-आखणी सांगणाऱ्या प्राचीन संस्कृत ग्रंथांत, यज्ञवेदी आखण्यासाठी हेच केले जाई. आपस्तंबांच्या सूत्रात ३६ प्रक्रम (पावलावरून आलेले माप) लांबीची दोरी १८ प्रक्रमांनी वाढवून ५४ करतात आणि १५ वर खूण करतात. दोरी खुंट्यांना बांधून खुणेवर ताणली की १५, ३६ आणि ३९ अशा बाजूंचा त्रिकोण तयार होतो, आणि १५ व ३६ यांच्यामध्ये काटकोन मिळतो. बौधायनांनी आयताच्या दोन बाजूंना ‘पार्श्वमानी’ आणि ‘तिर्यङ्मानी’ म्हटले आहे. तिर्यक् म्हणजे आडवे. आपल्या ‘काट’शी अर्थाने जवळीक सांगणारा जुना शब्द शोधायचा तर मी या ‘तिर्यक्’कडे बोट दाखवीन.

इंग्रजीत ‘राइट अँगल’ का म्हणतात? त्याचा उजव्या बाजूशी संबंध आहे का?

इंग्रजी माध्यमातली मुले हमखास विचारतात, की राइट अँगल आहे तर लेफ्ट अँगल कुठे आहे. इथे ‘राइट’ म्हणजे उजवा नव्हे आणि बरोबरही नव्हे. तो सरळ, ताठ या जुन्या अर्थाने आला आहे. लॅटिनमध्ये याला ‘आंगुलुस रेक्टुस’ म्हणत, म्हणजे ताठ कोन, आणि ग्रीकमध्ये ‘ऑर्थे गोनिया’. ‘ऑर्थोपेडिक’मधला ‘ऑर्थो’ तो हाच. अरबीत ‘काइमा’ म्हणतात, म्हणजे उभा असलेला. आपण रोज वापरतो तो ‘कायम’ हा शब्द त्याच धातूचा.

लॅटिन ‘रेक्टुस’चा संस्कृतातला भाऊबंद म्हणजे ‘ऋजु’, सरळ. मराठीत ‘उजू’ म्हणजे सरळ, आणि ‘उजवा’ या शब्दाचे नातेही याच ऋजूशी जोडले जाते. म्हणजे सरळ आणि उजवा यांची सांगड इंग्रजीतच आहे असे नाही, ती आपल्याही घरात आहे.

भौतिकशास्त्रात पृष्ठभागावरच्या लंबाला इंग्रजीत ‘नॉर्मल’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘नॉर्मा’वरून आला, आणि नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. जे गुण्यात बसते ते नॉर्मल.

काटकोन ९० अंशांचाच का? १०० अंशांचा का नाही?

पूर्ण वर्तुळाचे ३६० भाग करण्याची पद्धत प्राचीन बाबिलोनी खगोलगणितातून, त्यांच्या साठाच्या मोजणीतून चालत आली. ग्रीक आणि भारतीय ज्योतिषाने तीच वापरली. ३६०चा चौथा हिस्सा ९०. फ्रान्समध्ये दशमान पद्धत आली तेव्हा काटकोनाचे १०० भाग करणारे ‘ग्रॅड’ हे एकक पुढे आणले गेले. सर्वसामान्य वापरात ते रुजले नाही, कारण ९० ला २, ३, ५, ६, ९, १० अशा कितीतरी संख्यांनी भाग जातो आणि एक तृतीयांश काटकोन नेमका ३० अंश येतो. १०० मध्ये तो ३३ पूर्णांक एक तृतीयांश होतो.

‘काटकोन’ लिहावे की ‘काटकोण’? आणि ‘काटकोन त्रिकोण’ की ‘काटकोनी त्रिकोण’?

मराठीत ‘काटकोन’ हेच रूप योग्य. संस्कृतात ‘कोण’ असले तरी मराठीत कोन, त्रिकोन नव्हे तर त्रिकोण, आणि चौकोन अशी रूपे रूढ आहेत. ‘त्रिकोण’ आणि ‘षट्कोन’ एकाच पानावर शेजारी येतात हे विसंगत दिसते खरे, पण ‘त्रिकोण’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आला आणि प्रमाण लेखनात तसाच राहिला. सुटा ‘कोण’ मराठीत प्रश्नार्थक सर्वनाम आहे, त्यामुळे ‘कोन’ वेगळा लिहिल्याने वाचकाची सोयच होते. शब्द पुल्लिंगी आहे : तो काटकोन, ते काटकोन, काटकोनाची बाजू, रस्ता काटकोनात वळतो.

भूमितीत ‘काटकोन त्रिकोण’ ही संज्ञा रूढ आहे आणि परीक्षेत तीच लिहावी. ‘काटकोनी’ हे विशेषण वस्तूंच्या वर्णनाला अधिक शोभते : काटकोनी वळण, काटकोनी पट्टी, काटकोनी जोड.